ऊसतोडीला गेलेल्या माणसानं मतदान कुठं आणि कसं करायचं?

शिरूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातला, सध्या शिकायला संभाजीनगरला. आईवडील ऊसतोडीला जातात, दसरा झाला की टोळी निघते, कधी कोल्हापूर-सांगलीकडं, कधी बेळगावकडं, अन परत येतेत ते पाडव्याच्या पुढंमागं. आमच्या गावात त्या पाच-सहा महिन्यात म्हातारी माणसं अन शाळेतली लेकरं एवढंच राहतं.

आता प्रश्न असा की आमच्याकडच्या बऱ्याच निवडणुका नेमक्या ह्याच महिन्यात येतेत. १८ डिसेंबर २०२२ ला राज्यात साडेसात हजारावर ग्रामपंचायतीचं मतदान झालं, त्यात आमचं गाव होतं. त्याच्या आधी १५ जानेवारी २०२१ ला चौदा हजारावर ग्रामपंचायती, त्यात शेजारची गावं होती. दोन्ही तारखा भर हंगामातल्या. विधानसभेचं बघा, २००९ ला १३ ऑक्टोबर, २०१४ ला १५ ऑक्टोबर, २०१९ ला २१ ऑक्टोबर, म्हणजे लोकं निघायच्या बेतात पण बरेचजण घरी होती. २०२४ ला मात्र २० नोव्हेंबर आली अन गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचं आधीच ठरलेलं. म्हणजे कागदावर सुद्धा पाच दिवसांचं अंतर, अन तोडणीवाला तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच कारखान्यावर पोचलेला असतो, कोपी (राहायची झोपडी) बांधायची असते, गाडीचं बघायचं असतं.

बरं लोकं मतदानाला येतच नाहीत असं नाही, येतेत. पण कशी येतेत ते सांगतो. २०२२ ला पॅनलवाल्यांनी क्रूझर पाठवल्या होत्या. रात्री फडावरून (ऊस तोडतात त्या रानातून) उचलायचं, सकाळी गावात उतरवायचं, पॅनलच्या वाड्यावर चहा-नाष्टा, तिथून शाळेत मतदान, अन दुपारी परत गाडीत. आता ज्याच्या गाडीत बसून आलो त्याला सोडून दुसऱ्याला मत द्यायचं म्हणल्यावर माणसाला अवघड होतं. त्यात मुकादम (टोळी जमवून कामावर नेणारा) ज्या पॅनलचा असेल त्याच पॅनलची गाडी त्याच्या टोळीला येते, दुसऱ्या पॅनलच्या माणसाला मुकादम सुट्टीच देत नाही, म्हणतो खाडा पडला (कामाचा दिवस बुडाला) तर उचलीतून कापून घेईन. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम लाखात असती, ती फिटेपर्यंत मुकादमाच्या शब्दाबाहेर कोण जाईल? गुप्त मतदान म्हणतात पण इथं मतदानाच्या आधीच सगळं उघडं पडलेलं असतं.

माझं विचारणं एवढंच की कायद्यानं ह्यावर काही मार्ग हाय का? तिकडं कारखान्यावरून मतदान करता येईल का, का नाव तिकडं हलवावं, अन काहीच होत नसेल तर मागायचं काय अन कुणाकडं? आमच्यासारख्या घरांचा आकडा सगळ्या मराठवाड्याचा धरला तर लाखात जातो म्हणून इथं विचारतोय. ज्यांना माहिती हाय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

वकिली_औरंगपुरा

चांगला प्रश्न काढलास मित्रा. आधी महत्त्वाचं सांगतो, नाव अजिबात हलवू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो गावचा सर्वसाधारण रहिवासी राहत नाही असं होत नाही. तुमचे आईवडील वर्षातले सहा महिने बाहेर असले तरी घर गावात आहे, रेशन गावात आहे, परतायचं गावातच आहे, म्हणून मत गावातच. कारखाना दरवर्षी बदलतो, ह्या वर्षी शिरोळ तर पुढच्या वर्षी अथणी, तिथं नाव नेऊन उपयोग काय, आणि तिकडं नाव गेलं की गावच्या सरपंचाला मत द्यायचा हक्क गेला. दोन्हीकडं तर ठेवताच येत नाही, कलम १७ आणि १८ नुसार एका माणसाचं नाव एकदाच, आणि खोटं घोषणापत्र दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कारखान्यावरून मतदान करायची सोय आज नाही. टपाली मतदान कुणाला आहे तर सैन्यातले, निवडणूक ड्युटीवाले, ८५ वर्षांवरचे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेले, आणि आयोगानं ठरवून दिलेल्या अत्यावश्यक सेवेतले. हंगामी स्थलांतरित मजूर ह्या यादीत कुठंच नाही. पण यादी काही दगडावरची रेघ नाही, ८५ वर्षांवाल्यांना घरून मतदान २०२४ च्या लोकसभेला देशभर मिळालं, त्याच्या आधी ती अट ८० होती आणि त्याच्याही आधी काहीच नव्हतं. नियम बदलून नवीन गट घालता येतो, मागणारा पाहिजे.

गाड्यांचं म्हणाल तर लोकप्रतिनिधित्वाच्याच १९५१ च्या कायद्यात कलम १२३ च्या पाचव्या पोटकलमात उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं कुणी मतदारांना फुकट ने-आण करायला गाडी भाड्यानं घेणं हा भ्रष्टाचार धरलाय, निवडणूक रद्द होऊ शकते. हे लोकसभा-विधानसभेला, ग्रामपंचायतीचा कायदा वेगळा. पण नुसती ती गाडी बंद करून भागणार नाही, ती बंद केली आणि दुसरी सोय दिली नाही तर मतदानच बंद होतं. म्हणून मागणी अशी पाहिजे की सोय सरकारनं द्यावी, उमेदवारावर सोडू नये.

नागरिक_ठाणे

सगळं मान्य पण एक दिवस यायला काय हरकत आहे? मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी असते की कायद्यानं. आमच्याकडे लोक सुट्टी घेऊन लोणावळ्याला जातात ते वाईटच, पण ज्याला मत द्यायचंच आहे तो येतो, असं मला वाटतं.

शिरूरचा_पोरगा

दादा, १९५१ च्या त्याच कायद्यातलं कलम १३५ब मला पण माहिती हाय, वाचलंय मी. सुट्टी दिली नाही तर मालकाला ५०० रुपयेपर्यंत दंड. पण मालक कोण ते सांगा. कारखाना म्हणतो हे आमचे कामगार नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम म्हणतो मी स्वतःच टोळीतला माणूस. अन पगारच नाही तर पगारी सुट्टी कशाची, टनावर पैसे हायेत. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाली तेव्हा टनाला ३६६ रुपये झाले, एक जोडी दिवसाला दोन टन तोडते धरा, सातशे-साडेसातशे रुपये झाले. साडेतीनशे किलोमीटर यायचं अन जायचं म्हणजे दोन दिवस बुडाले, दीड हजार गेले, दोघांचं यायचंजायचं भाडं वेगळं, मुकादमानं खाडा लावला तर ते अजून वेगळं. ठाण्यातल्या जोडप्याला दोन मतांचे तीन हजार मोजायला लावले असते तर किती जण गेले असते मला माहिती नाही, पण आमच्या लोकांकडून ते मागितलं जातं.

नागरिक_ठाणे

हे गणित मी केलेलं नव्हतं, बरोबर आहे तुझं. सोसायटीत राहणाऱ्यांसाठी गेल्या विधानसभेला मुंबई-पुण्यात सोसायट्यांच्या आवारात मतदान केंद्रं उघडली, आमच्या शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये होतं, लोक लिफ्टनं खाली येऊन मत देऊन गेले. लोकसभेला २० मे ला मुंबई-ठाण्यात उन्हात तासन्तास रांगा लागल्या आणि त्यावर ओरड झाली म्हणून ते झालं. म्हणजे ओरडलं की होतं. तुमच्यासाठी ओरडणारे कमी आहेत हा खरा फरक.

पंचगंगाकाठ

मी हातकणंगले तालुक्यातला, ऊस उत्पादक. टोळ्या आमच्या रानात येतात त्यामुळं डोळ्यानं बघतोय. २०२४ ला काय झालं तर दोन-चार दिवस कारखान्यानं तोडी हळूच धरल्या, ज्या टोळ्यांना गाड्या आल्या त्या गेल्या, बाकीच्या इथंच. त्यात बैलगाडीवाल्यांचं लई अवघड असतंय बघा. ट्रॅक्टरची टोळी एकवेळ कुलूप लावून जाईल, पण गाडीवानाला बैल सोडून कुठं जाता येत नाही. वैरण-पाणी कोण करणार? शेजारच्या कोपीतल्यांना सांगून जावं म्हटलं तर ते पण त्याच गावचे, त्यांना पण जायचं. मग एका घरातनं एकानंच जायचं असा हिशेब होतो. आमच्या बांधाला जी कोपी होती तिथला नवरा गेला, बाई दोन लेकरं अन बैलजोडी घेऊन थांबली, तिचं मत गेलं की हो.

आम्ही शेतकरी पण ह्यात आहे बरं का, तोडलेला ऊस चोवीस तासात गेला नाही तर वजन घटतंय, रिकव्हरी (साखरेचा उतारा) पडती, म्हणून आम्हीच मुकादमाच्या मागं लागतो की गडी पाठवू नको. हे चुकीचं हाय, पण कारखान्यानं आधी जाहीर केलं की अमुक दोन दिवस तोड बंद, तर कुणाचाच ऊस फडात पडून राहणार नाही. सगळ्यांची तोड एकदम बंद ठेवली तर भांडणच नाही.

आणि एक सुचवतो. कारखान्याच्या शेतकी ऑफिसला प्रत्येक टोळीची नोंद असती, कुठल्या गावची, किती कोयते (जोड्या), कुठल्या गटात उतरली. त्या भागातल्या कारखान्याच्या गट ऑफिसचा चिटबॉय, म्हणजे तोडीवर लक्ष ठेवणारा माणूस, रोज फडावर जातोय. म्हणजे माणूस कुठं आहे हे शोधायला सरकारला काय अडचण नाही, यादी तयारच हाय. मतदान गट ऑफिसला ठेवा की.

झेडपी_मास्तर

केंद्राध्यक्ष म्हणून अनेक निवडणुका केल्यात, लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत, त्यामुळं व्यवहाराच्या बाजूनं लिहितो. जरा लांबेल.

आम्ही ड्युटीवाले लोक स्वतः मत कसं देतो ते बघा. पूर्वी टपाली मतपत्रिका घरी यायची, आता ट्रेनिंगच्या ठिकाणी मतदार सुविधा केंद्र असतं. तिथं टेबल, मतदान कक्ष, पेटी, उमेदवारांचे प्रतिनिधी, व्हिडिओ शूटिंग सगळं. मी दुसऱ्या मतदारसंघातला असलो तरी माझ्या मतदारसंघाची मतपत्रिका तिथं माझ्यासाठी आलेली असते, मी खूण करून, घोषणापत्रावर सही करून लिफाफा पेटीत टाकतो, मतदानाच्या दिवसाच्या आधीच. नंतर ते लिफाफे ज्याच्या त्याच्या मतदारसंघात पोचवले जातात. म्हणजे एका जागी बसून दहा मतदारसंघांचं मतदान घ्यायची पद्धत आपल्याकडं चालू आहे, लाखो कर्मचारी दर वेळी तशीच मतं देतात. काश्मिरी पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रं असतात, ते पण अनेक वर्षं चालू आहे. त्यामुळं विधानसभा-लोकसभेला कारखान्यावर सुविधा केंद्र उघडणं अशक्य आहे असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही. एका कारखान्यावर बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव असे मिळून फार तर पंधरा-वीस विधानसभा मतदारसंघ होतील. आधी नाव नोंदवून घ्यायचं, वयस्करांसाठी १२ड फॉर्म असतो तसा, की हा माणूस ह्या वेळी इकडं मत देणार, मग गावच्या यादीत त्याच्या नावासमोर खूण होते आणि तिकडं दुसऱ्यांदा मत पडत नाही.

आता ग्रामपंचायत. इथं मी सावध करतो. ग्रामपंचायतीला मतपत्रिका प्रभागाची वेगळी, सरपंचाची वेगळी. एका कारखान्यावर शंभर गावचे लोक असले तर दोनशे-तीनशे प्रकारच्या मतपत्रिका होतात, आणि अर्ज माघारीनंतर मतदानापर्यंत हातात दोन आठवडे सुद्धा नसतात, तेवढ्यात छापून, वाटून, गोळा करून आणणं फार जिकिरीचं. पण खरी भीती वेगळी आहे. एका प्रभागातली समजा अकरा माणसं त्या कारखान्यावर आहेत. मोजणीच्या टेबलावर अकरा टपाली मतं निघाली आणि आठ एका पॅनलला गेली, तर गावात संध्याकाळपर्यंत कळणार की कोण फुटलं. मुकादमाला तेच पाहिजे. शाळेतल्या केंद्रावर सहाशे मतांत तुझ्या आईचं मत मिसळून जातं, तसं ते इथं मिसळणार नाही. मोजणीच्या आधी टपाली मतं बाकीच्या मतात मिसळायचा नियम केल्याशिवाय हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपीला एकच सरळ उपाय, तारीख. ज्या तालुक्यातनं टोळ्या जातात तिथलं मतदान दसऱ्याच्या आधी किंवा पाडव्यानंतर घ्या.

वकिली_औरंगपुरा

मास्तरांशी सहमत, तारखेबद्दल कायद्याची बाजू जोडतो. संविधानाच्या अनुच्छेद २४३ई प्रमाणे पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण व्हायला पाहिजे. आत म्हणजे आधी घेता येते. जानेवारी-फेब्रुवारीत मुदत संपत असेल तर दसऱ्याच्या आधी मतदान घेऊन ठेवायला काही आडवं येत नाही, नवीन लोक मुदत संपल्यावर बसतील. अडचण पावसाची आणि सोयाबीन-कापसाच्या कामाची सांगितली जाते. पण त्या वेळी माणूस निदान गावात असतो. आणि २०२२ पासून झेडपी-महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हातात राहिल्या, शेवटी सुप्रीम कोर्टाला मे २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला. निवडणूक इतकी वर्षं मागं जाऊ शकते तर काही महिने अलीकडं आणायला सुद्धा जमलं पाहिजे.

हे सुद्धा लक्षात ठेवा की ग्रामपंचायत-झेडपी राज्य निवडणूक आयोग घेतो आणि विधानसभा-लोकसभा भारत निवडणूक आयोग. दोन वेगळी दारं आहेत, एकाच्या दारात दुसऱ्याचं गाऱ्हाणं नेलं तर कागद फिरत राहतो.

भारत निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी रिमोट मतदान यंत्राचा नमुना काढला होता, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ दाखवता येतील असा. २०१९ च्या लोकसभेला तीस कोटी मतदारांनी मत दिलं नाही हेच कारण त्यांनी पत्रात दिलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं, पक्षांनी विरोध केला, विचारलं की स्थलांतरित म्हणजे नेमकं कोण, तिकडच्या केंद्रावर आमचा पोलिंग एजंट कुठून आणायचा, दुसऱ्या राज्यात आचारसंहिता कशी लावणार. हे प्रश्न खोटे नव्हते. बेळगावच्या कारखान्यावर बीडच्या अपक्ष उमेदवारानं एजंट कसा बसवायचा? त्यावर ते गाडं अडलं ते अडलंच. माझं म्हणणं असं की यंत्राची वाट बघू नका. कागदी टपाली मत जुनं आहे, कोर्टात टिकलेलं आहे, आणि एकाच राज्यातल्या कारखान्यांपुरतं सुरू केलं तर आचारसंहितेचा प्रश्न सुद्धा येत नाही.

अंगणवाडी_बीएलओ

मी बीएलओ, म्हणजे बूथवरच्या मतदार यादीचं काम बघणारी अधिकारी आहे, आष्टी तालुक्यात. सगळे मतदान कसं करायचं ते बोलताय, पण त्याच्या आधी यादीत नाव टिकलं पाहिजे ना. घरोघर पडताळणीचं काम बऱ्याचदा ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच लागतं, कारण जानेवारीत अंतिम यादी लागते. मी जाते तेव्हा गल्लीच्या गल्ली कुलूप. शेजारच्या म्हातारीला विचारलं तर ती म्हणते गेलेत की कारखान्याला. आता हे 'गेलेत' कागदावर कसं लिहायचं? नवीन माणूस असला, गावचा नसला, तर तो 'स्थलांतरित' लिहून मोकळा होतो, आणि तिथून नाव कमी व्हायचा रस्ता सुरू होतो. २०२५ मध्ये बिहारात सगळ्या यादीची फेरतपासणी झाली तेव्हा पहिल्या मसुद्यातनं ६५ लाखाच्या आसपास नावं गेली होती, त्यात कायमचे गेलेले किंवा सापडत नाहीत अशा शेऱ्याचे खूप होते, बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. आपल्याकडं तसं घरोघर फिरणं हंगामात आलं तर आमच्या तालुक्याचं काय होईल ह्याची मला खरंच काळजी वाटते.

मी काय करते तर माझ्या भागातल्या टोळ्यांची वही ठेवलीय. मुकादमाचं नाव, मोबाईल, टोळीत कोण कोण, कुठल्या कारखान्यावर. कुलूप दिसलं की फोन लावते. ही वही मला कुणी सांगितली नव्हती. ग्रामसेवकाकडं ऊसतोड कामगारांची ओळखपत्रासाठी नोंदणी झालीय, ती यादी आम्हाला अधिकृत दिली तर प्रत्येक बीएलओचं काम सोपं होईल.

तुमच्या लोकांसाठी कामाच्या गोष्टी सांगते. निघायच्या आधी यादीत नाव आहे का ते बघा, हातात मतदार कार्ड आहे म्हणजे यादीत नाव आहे असं नसतं. निवडणूक आयोगाच्या ॲपवर कळतं नाहीतर १९५० ला फोन करा. ग्रामपंचायतीची निवडणूक लागल्यावर नाव घालायला पळू नका, तेव्हा नवीन नाव घालत नाहीत, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात, त्यामुळं नाव आधीच विधानसभेच्या यादीत पाहिजे. नवीन नावाला नमुना ६. आता अठरा वर्षं मोजायच्या वर्षातनं चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्यामुळं पोरगं एप्रिलमध्ये अठरा झालं तर उन्हाळ्यात घरी असतानाच फॉर्म भरून घ्या, १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ भरता येतो.

कोयत्याची_लेक

मी पाथर्डीकडची, नर्सिंग करून आता पुण्यात नोकरीला. आई अजून जाते. पंचगंगाकाठ दादांनी जे लिहिलं ना बाई थांबली म्हणून, ते आमच्या घरात कायम असंच. गाडीत जागा कमी असली तर पहिल्यांदा बायका उतरवतात. मुकादम म्हणतो प्रत्येक कोयत्यामागं एकजण या. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, काम मोजताना दोघांचं मोजतात, मत मोजताना एकाचं.

आणि बीएलओ ताई, अजून एक बघा. लग्न करून आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीतच राहतं. उन्हाळ्यात लग्न, दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर कारखान्याला, सासरच्या गावात ती बीएलओला भेटतच नाही, आणि माहेरी लग्न झालं म्हणून नाव कापतात. दोन्हीकडनं गेली. माझ्या चुलत बहिणीचं असंच झालं, पंचविशी ओलांडली तरी तिनं एकदाही मत दिलेलं नव्हतं. माहेरी नाव असतानाच नमुना ८ भरला की नाव सासरी येतं, नवीन सहा नंबर भरायची गरज नाही, पण हे तिला कुणी सांगितलंच नाही. लग्नाच्या सीझनमध्येच मे महिन्यात गावात एक दिवस टेबल मांडून नमुना ८ भरून घेतले तर किती बायकांचं काम होईल.

मास्तरांची मिसळून मोजायची गोष्ट मला फार पटली. आमच्याकडं बाया बोलतात, आपलं मत कळतं म्हणून. कळत नसलं तरी त्यांना तसं वाटतं, आणि तेवढ्यानंच त्या घाबरतात. कारखान्यावर केंद्र केलं तर मुकादम आणि चिटबॉय त्या आवाराच्या बाहेर पाहिजेत, ही अट लेखी पाहिजे. गट ऑफिसमध्ये नको, जवळच्या झेडपी शाळेत ठेवा. शाळा सगळीकडं आहेत.

पंचगंगाकाठ

ताई बरोबर बोललीस, गट ऑफिस म्हणजे शेवटी कारखान्याचीच जागा. कारखान्याच्या संचालकांत पण आमदारकीला उभं राहणारे असतात, माझ्या ध्यानात ते आलं नव्हतं. शाळाच बरी.

शिरूरचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. मी सुट्टीत गावी जाणार हाय अन १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचं डोक्यात हाय, तेव्हा टोळ्या गावातच असतेत. शेजारच्या चार-पाच गावातली पोरं पण तयार होतील. ठरावात काय काय घालावं अन कुणाला पाठवावं ते वकील साहेब सांगा. अन अजून एक, गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या दोघांचं नाव कुणीतरी तक्रार करून कमी करायला लावलं होतं, नोटीस घरी आली पण घरी कोणच नव्हतं. त्याचं काय करावं?

वकिली_औरंगपुरा

ठराव लहान ठेव, लांब ठराव कुणी वाचत नाही. आमच्या गावातले इतके मतदार अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत ऊसतोडीला बाहेर असतात, हा आकडा बीएलओच्या वहीवरनं खरा टाक. मग मागणी. एक, ह्या ग्रामपंचायतीचं आणि आमच्या गट-गणाचं (झेडपी-पंचायत समितीचं) मतदान ऑक्टोबर ते मार्च ह्या काळात ठेवू नये. दोन, विधानसभा-लोकसभा हंगामात आलीच तर हंगामी स्थलांतरितांना टपाली मतदानाच्या यादीत घालून कारखाना परिसरातल्या शाळेत सुविधा केंद्र द्यावं आणि ती मतं मिसळून मोजावीत. तीन, घरोघर पडताळणी मे ते ऑगस्टमध्ये करावी. पहिली मागणी राज्य निवडणूक आयोगाला, दुसरी आणि तिसरी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना मुंबईला, आणि सगळ्याची प्रत जिल्हाधिकारी आणि पुण्याला साखर आयुक्तांना. साखर आयुक्तांना ह्याच्यासाठी की मतदानाच्या आसपास दोन दिवस तोड बंद ठेवायचं पत्र कारखान्यांना तिथून जाऊ शकतं. पोचपावती घ्यायला विसरू नको, पुढं कोर्टात जायची वेळ आली तर आधी मागितलं होतं हे दाखवावं लागतं.

त्या दोन नावांचं. नमुना ७ (नाव कमी करायचा अर्ज) वर त्याच मतदारसंघाच्या यादीतला कुणीही मतदार हरकत घेऊ शकतो, पण १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाव काढता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील असतं पण त्याला मुदत १५ दिवसांची, ती गेली असणार. भांडत बसण्यापेक्षा आता सरळ नमुना ६ भरून नाव परत घाला, सोबत रेशनकार्ड आणि ओळखपत्राची झेरॉक्स. आणि पुढच्या वेळी नोटीस कुलपाला चिकटून राहू नये म्हणून फॉर्मवर मोबाईल नंबर त्यांचाच टाका, मुकादमाचा नको.

अंगणवाडी_बीएलओ

नंबरचं अगदी खरं आहे, माझ्याकडच्या कितीतरी फॉर्मवर एकाच मुकादमाचा नंबर आहे, मेसेज त्यालाच जातो. आणि शिरूरच्या भावा, ठराव झाला की त्याची एक प्रत इथं टाक, नाव-गाव झाकून. आमच्या सरपंच बाईंना मी दाखवते, त्या स्वतः तोडीला जाऊन आलेल्या आहेत. कोयत्याची लेक म्हणते तसं मे महिन्यातलं नमुना ८ चं टेबल मी माझ्या भागात ह्या उन्हाळ्यात लावते, त्याला कुणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही.

शिरूरचा_पोरगा

टाकतो ताई. तिसऱ्या मागणीत आमच्या मनानं एक ओळ वाढवतोय, की ग्रामसेवकाकडची ऊसतोड कामगारांची यादी दरवर्षी दसऱ्याच्या आधी बीएलओला द्यावी. मास्तर, सुविधा केंद्रात नाव नोंदवायचा जो फॉर्म असतो त्याचा नमुना तुमच्याकडं असेल तर पाठवा, तसाच एक आमच्या लोकांसाठी तयार करून ठरावाला जोडतो.

झेडपी_मास्तर

१२ड चा नमुना आहे माझ्याकडं, स्कॅन करून उद्या टाकतो. त्यात 'वयस्कर' आणि 'दिव्यांग' च्या खाली एक रकाना वाढवायचा, बाकी फॉर्म तसाच चालेल. रकान्यात कारखान्याचं नाव, गट आणि टोळी क्रमांक मागा, मुकादमाचं नाव मागू नका.